कुणाचा तरी गुडघा गेला की

दादा गेला तो गुरुवार होता. तो जालन्याला सामना खेळायला गेला होता. मी लोणावळ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होते. फोन आला. मी शिक्का ठेवला, पर्स घेतली, रिक्षा केली आणि गावी, औंढ्याला जाऊन आईला सांगितलं.

फोन करणारा त्या संघाचा व्यवस्थापक होता. "ताई, आमचा डावा कोपरा..." एवढं म्हणून तो थांबला. मग फोन तोंडापासून लांब धरून त्याने कुणाला तरी विचारलं, "नाव काय रे त्याचं?" मागून आवाज आला, "मिलिंद." दादा त्या संघात त्याच आठवड्यात गेला होता, तेव्हा त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. मी तरीही देते. इतक्या महिन्यांनंतरही देते. माणूस गेल्याची बातमी सांगायला फोन करायचा, तर आधी नाव विचारून घ्यावं.

कबड्डी ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. सात जणांच्या फळीत अगदी डाव्या टोकाला जो उभा असतो तो डावा कोपरा. चढाई करणारा आत शिरला की त्याने खाली झेपावून घोटा धरायचा, आणि बाकीचे येऊन अंगावर पडेपर्यंत सोडायचा नाही. टाळ्या बहुतेक वेळा वरून पडणाऱ्यांना मिळतात. खाली कोण होतं हे ढीग उठल्यावर कळतं, आणि तोवर समालोचक पुढच्या चढाईकडे वळलेला असतो. माझ्या भावाने आयुष्यभर हे केलं, आणि तेही बहुतेक दरवर्षी वेगळ्या गणवेशात.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी खूप दिवसांनी गावातल्या मैदानावर गेले. जायचं मनात नव्हतं. पण गावच्या कबड्डी मंडळाच्या अक्षयचे फोनवर फोन चालले होते. मैदानाला दादाचं नाव द्यायचं ठरलंय, कमानीवर फलक लावायचाय, त्याचं डिझाईन घरच्यांनी एकदा बघावं, असं त्याचं म्हणणं. अक्षय आता मंडळाचा अध्यक्ष आहे. लहानपणी दादाच्या हाताखाली खेळायचा. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. दादाचा फोटो होता, मागे विजा चमकत होत्या, बाजूला एक सिंह जबडा उघडून उभा होता. दादाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता.

"हा हात कुणाचा आहे?"

"कुठला? अच्छा, तो. ग्रुप फोटोतून कापलाय ना ताई. काढायला सांगतो."

वर लिहिलं होतं 'कै.' आणि खाली, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, 'राष्ट्रीय कबड्डीपटू'.

किसनआबा कमानीच्या कट्ट्यावर बसले होते. गावच्या पोरांच्या तीन पिढ्यांना त्यांनी खेळ शिकवला. शेती सांभाळून, फुकट, आणि बऱ्याच शिव्या देऊन. अक्षयने मोबाईल त्यांच्यापुढे नेला. आबांनी तो लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला.

"कै. कशाला लिवलंय रं? त्येंच्यात कालकथित लिवत्यात. इतकी वर्सं शेजाराला ऱ्हातुयास आन् येवढं बी ठाव न्हाई व्हय तुला?"

"सॉरी ताई," अक्षय म्हणाला. "प्रेसवाल्याने टाकलं असेल."

"आन् त्यो शिव्ह काढ आदी. मिलिंदा मांजराला भीत हुता."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. मग मी मुद्द्याचं विचारलं, "आणि हे राष्ट्रीय कुठून आलं?"

"ते लिहितातच ना ताई."

"तो राष्ट्रीय नव्हता अक्षय. राज्याच्या संघातसुद्धा नव्हता. एकदा राखीव म्हणून नाव आलं होतं, तेही आयत्या वेळी कापलं."

"अहो ताई, मावळात फिरून बोर्ड बघा तुम्ही. सगळे राष्ट्रीयच आहेत. आपण नुसतं कबड्डीपटू लिहिलं तर लोक म्हणतील, औंढ्याच्या माणसात काय कमी होतं?"

मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, निदान ते तरी माझ्या बाजूने बोलतील. आबा तंबाखू मळत म्हणाले, "ऱ्हाऊ दे की पोरी. कुणाचं काय जातंय?"

माझं जातं. पण काय जातं ते तिथं उभ्याने सांगता येईना. मी म्हटलं, मी विचार करून कळवते, तोवर छापू नका. अक्षय म्हणाला, "ठीक आहे. पण मग काय लिहू ते तरी सांगा. कोणत्या संघाचा लिहू?"

मी तशीच घराकडे निघाले.

कोणत्या संघाचा? चिंचवडच्या एका औषध कंपनीचा तो होता, मग एका साखर कारखान्याचा. उपनगरातल्या एका व्यायाम मंडळाचा, एका बँकेचा, एका बिल्डरने हौसेने काढलेल्या आणि हौस फिटल्यावर मोडलेल्या संघाचा. एका हंगामात तो थेट हैदराबादला मॅटवरच्या लीगमध्ये जाऊन आला. तिथे तो बहुतेक वेळ बाकावर बसून होता, पण परत आला तो चिंच घातलेल्या कसल्याशा भाताचं कौतुक करत. मधल्या काळात गावोगावच्या जत्रांत पाहुणा खेळाडू म्हणून तो ज्यांच्याकडून उतरला, त्यांचा तर हिशेबच नाही. कुठेही तो पहिल्या पसंतीने गेला नाही. मोसमाच्या मध्येच कुणाचा तरी गुडघा जायचा, कुणाचा खांदा निखळायचा, आणि मग आमच्या घरी फोन वाजायचा.

हा फोन म्हणजे आमच्या घरातला एक ऋतूच होता. दिवाळी उरकलेली असायची. खाचरातला इंद्रायणी कापून झालेला असायचा आणि सगळ्या गावाला त्या भाताचा, पेंढ्याचा, ओल्या बांधाचा असा मिळून एक गोडसर वास यायचा. सकाळी धुक्यात घाटातल्या इंजिनांच्या शिट्ट्या जवळ आल्यासारख्या वाटायच्या. दादा अंगणात दोरीवरच्या उड्या मारत असायचा आणि कान घरात. फोन वाजला की दोरी तिथेच टाकून आत धावायचा. "हो साहेब. फिट आहे साहेब. उद्याच येतो साहेब." फोन ठेवला की आईकडे बघून हसायचा.

आई विचारायची, "कुणाचं काय मोडलं?"

"गुडघा."

"बरा व्हईल का त्यो पोरगा?"

"आई, मला संघात घेतलंय. त्याचं काय विचारतेस?"

"इच्यारते. त्याची बी आई असंल." आणि मग पिशवीत लाडू भरता भरता पुटपुटायची, "दुसऱ्याच्या घरी वाईट झाल्याबिगर आपल्या घरी चांगलं व्हईत न्हाई, ह्यो कसला धंदा म्हनायचा."

तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. तो फक्त ती विचारत नव्हती, सगळी भावकी, सगळी आळी विचारायची. विहारात वंदना संपून सतरंज्या गोळा करतानाही विचारला जायचा. "पर्मनंट केलं का?" आमचे बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलणारे. त्यांच्या आधी आमच्या घरात कुणालाही कायमची नोकरी नव्हती. बाबा गेले, पण तो शब्द देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा घरात राहिला, आणि आमच्या घरात देव्हारा नाही. कंपन्यांचे संघ चांगल्या खेळाडूला कारकून म्हणून, मदतनीस म्हणून कायम करून घेतात. दादाबरोबरचे पुष्कळ जण असे लागले. त्यातले काही आता पोट सुटलेले साहेब आहेत. दादा मात्र कायम करारावर राहिला. "पुढच्या सीझनला करतील," तो म्हणायचा. मला हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की तो तोंड उघडायच्या आत मी ते म्हणून दाखवायची. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "बघ, तुलापण खात्री आहे," असं वर म्हणायचा.

नवा संघ म्हणजे नवा गणवेश, आणि मग जुन्याचं काय करायचं हा आईपुढचा प्रश्न. आधी तिने त्याची फरशी पुसायची फडकी केली. पण ते कापड पाणी टिपत नाही, नुसतं पुढे ढकलतं. मग तिने शिवणयंत्र काढलं आणि आवरणं शिवायला घेतली. साखर कारखाना मिक्सरवर गेला. बँक टीव्हीवर गेली. औषध कंपनीच्या दोन उशा झाल्या, त्यांच्यावर घाम सुकत नाही म्हणून माझी दरवर्षी उन्हाळ्यात कुरकूर. पाहुणे आले की त्यांना आमच्या घरात आकडेच आकडे दिसायचे. मिक्सर चार नंबर, पंखा अकरा नंबर. हैदराबादच्या निळ्या कापडाची छत्रीची पिशवी झाली. ती मी अजून वापरते आणि लोक मला विचारतात, तुम्ही लीग बघता का?

पावसाळ्यात कबड्डी नसते. निदान आमच्या मावळात नसते. इथे मैदान म्हणजे जून ते सप्टेंबर तळंच. त्या महिन्यांत दादा तुंगार्लीला एका बंगल्याची देखरेख करायचा. मालक मुंबईचे, शनिवारी येणार, रविवारी जाणार. उरलेले दिवस बंगला दादाचा. मी कॉलेजात शिकत होते तेव्हा तास संपले की तिकडे जायचे, कारण तिथे शांतता होती आणि खिडकीत बसून वाचता यायचं. भिंतींना ओल यायची, गाद्यांना बुरशीचा वास यायचा, आणि त्या सगळ्यावर दादाच्या मलमाचा वास. निलगिरी, कापूर आणि काहीतरी जळकं. तो बोटं शेकत बसायचा. त्याच्या हाताचं एकही बोट सरळ नव्हतं. संध्याकाळी पाऊस थोडा ओसरला की तलावाच्या बांधावर पळायला जायचा आणि मला टॉवेल धरून उभं करायचा. समोरचं पाणी दिसायचं नाही, डोंगर दिसायचा नाही, फक्त त्याच्या बुटांचा चपचप आवाज धुक्यात लांब जायचा आणि परत यायचा. परत येईल तेव्हाच तो आहे हे कळायचं. मी छत्रीत पुस्तक धरून वाचायचा प्रयत्न करायची. पानं ओली व्हायची. मी चिडायची.

"तुला पळताना बघायला मी कशाला हवी?"

"अगं, कुणीतरी बघत असलं की पाय उचलतो."

"मग प्रेक्षक आण."

"लायब्ररीबाई, तिकीट न काढता आलीयस. बोलू नकोस."

तेव्हा मी ग्रंथपाल झालेही नव्हते, पण त्याने नाव आधीच ठेवलं होतं. पुढे खरंच झाले तेव्हा प्रत्येक दौऱ्यावर जाताना माझं एक पुस्तक उचलून न्यायचा. न विचारता. परत आलं की त्याला तोच निलगिरीचा वास, मध्ये खूण म्हणून क्रेप बँडेजचा तुकडा. घरचं पुस्तक असेल तर ठीक, पण ग्रंथालयाचंही न्यायचा. एकदा प्राचार्यांनी एक कादंबरी नाकाशी धरून विचारलं होतं, ही दवाखान्यातून आली का?

"वाचलंस का तरी?" मी त्याला विचारायची.

"वाचलं की. शेवटी मरतो ना तो?"

"कोण?"

"कुणीतरी मरतोच तुझ्या पुस्तकांत."

या त्याच्या सवयींनी मी कावून जायची. आणखी एक होती. कोपऱ्यात खेळणारा शेजारच्याचा हात धरून उभा असतो, साखळी करून. दादाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की रस्ता ओलांडताना, रांगेत उभं राहताना, बोलता बोलता त्याचा हात शेजारच्याच्या मनगटावर जायचा. शनिवारी लोणावळ्याच्या बाजारात पर्यटकांच्या गाड्यांचा खच, चिक्कीच्या दुकानांतून उकळत्या गुळाचा वास, आणि त्या गर्दीत हा मला मनगटाला धरून नेतोय. मी तिशी ओलांडलेली बाई. माझे विद्यार्थी बघतायत. "दादा, सोड," मी म्हणायची. तो सोडायचा. पुढच्या गाडीचा हॉर्न वाजला की परत धरायचा. ती पकड काही हळुवार नव्हती. घड्याळाचा पट्टा रुतायचा.

अक्षयला मी यातलं काहीच सांगितलं नाही. फलकावर यातलं काहीच बसत नाही.

पण फलकावर खोटं नको, हे मला ज्या गोष्टीमुळे वाटतं, ती गावात सगळ्यांना माहीत आहे. शोकसभेत ती तिघांनी सांगितली आणि तिघांनीही वेगळी सांगितली. मी ती दादाकडून ऐकली आहे.

औषध कंपनीत त्याचं दुसरं वर्ष चालू होतं. कंपन्यांच्या स्पर्धेत संघ अंतिम फेरीत गेला तर करारावरच्या दोघांना कायम करायचं, असं वरच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. त्या दोघांत दादा होता. आईने हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवून निम्म्या गावाला सांगितलं होतं. उपांत्य सामना अगदी बरोबरीत चालला होता आणि शेवटची चढाई समोरच्यांची होती. चढाई करणारा आत आला, दादाने घोट्यावर झेप टाकली, घोटा हाताला लागलाच नाही, तो पोरगा रिकाम्या हाताने मागे पळाला. पंचांनी कुणालाही बाद दिलं नाही. त्या पोराला स्वतःलाही काही कळलं नव्हतं. आणि तेवढ्यात दादाने हात वर केला आणि मैदानाबाहेर चालायला लागला. त्या पोराच्या पायाचं बोट त्याच्या नडगीला घासून गेलं होतं.

गावच्या मातीवर हे असंच खेळतात. आबांची शिस्तच ती. शिवलं गेलं की आपणच हात वर करायचा आणि बाहेर जायचं, पंचाकडे बघायचं नाही. जो हात वर करायचा नाही त्याला आबा मैदान चाळायला बसवायचे. आमची माती चाळणीने चाळून, पाणी मारून, चोपून तयार करायची, मग त्यावर चुन्याच्या फक्कीच्या रेषा. पोरं माती चाळून चाळून खोकायची. त्यापेक्षा हात वर केलेला बरा. पण शहरात, मॅटवर, जिथे पंच आहेत, गुणफलक आहे, नोकऱ्या पणाला लागलेल्या आहेत, तिथे हे कुणी करत नाही. करायची अपेक्षाही नसते.

एका गुणाने संघ गेला. कायम कुणीच झालं नाही. करारावरचा तो दुसरा पोरगा दादाशी पुन्हा कधी बोलला नाही, आणि मला त्याचंही बरोबर वाटतं.

शोकसभेत सगळे म्हणाले, प्रामाणिकपणाचा पुतळा. मी सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला उठून ओरडावंसं वाटत होतं. पुतळा कसला? तो पत्त्यांत पानं लपवायचा. माझी छत्री विसरून यायचा आणि चोरीला गेली म्हणायचा. करंगळी मोडली तेव्हा आईला महिनाभर सांगत होता की नख लागलंय. त्या सामन्यानंतर तो घरी आला तेव्हा मी त्याला जेवूही न देता विचारलं होतं, "तुला कुणी विचारलं होतं का? पंचांनी विचारलं होतं?"

"नाही."

"मग कशाला एवढं खरं बोलायला गेलास?"

तो खरंच गोंधळून माझ्याकडे बघत होता. "अगं, खरं कुठलं? हात गेला वर. मी विचार करून वर केला असता तर खालीच नसता का ठेवला?"

त्यानंतर मी त्याला त्याबद्दल काही विचारलं नाही. आईने मात्र ताट वाढताना एकच म्हटलं, "दुसऱ्या हातानं धरून ठेवायचा हुतास त्याला." तिघंही हसलो. जेवलो. रडलं कुणी नाही.

तर असा माणूस. ज्याचा हात आपोआप वर जातो, त्याच्या डोक्यावर तुम्ही 'राष्ट्रीय' लिहिणार. मला ते सहन होईना. त्या रविवारी मैदानावरून घरी येताना मी मनाशी वाक्यं जुळवत होते. आईला समजावू, आई माझ्या बाजूने आली की मंडळाचं काही चालणार नाही. फलकावर काय लिहायचं तेही मी ठरवलं होतं. नाव, गाव, आणि खाली 'कबड्डी खेळाडू'. बस. खरं तेवढंच.

आई ओट्यावर पावटे सोलत बसली होती. शेंगांचा तो उग्र वास घरभर होता. मी शेजारी बसले आणि दोन-चार शेंगा उचलल्या.

"आई, मंडळवाले फलकावर राष्ट्रीय कबड्डीपटू लिहितायत."

"व्हय. अक्षय येऊन दाखवून गेला मला."

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? चांगलं लिवलंय."

"आई, तो राष्ट्रीय नव्हता. खोटं आहे ते."

"मला न्हाई का ठाव?"

 मला वाटलं होतं, तिला फरक माहीत नसेल. ती सोलत राहिली. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"तुझ्या कालेजात भितीवर पाटी हाय न्हवं, तुझ्या नावाची?"

"ती नावाची नाही. ग्रंथपाल अशी आहे. ते पद आहे."

"तेच म्हनते. तुला पद हाय. तुझ्या बाबांना पद हुतं, मरेस्तवर लोक पॉइंट्समन म्हनायची. मला लोक इच्यारायची, पोरगा काय करतो? मी म्हनायचे, खेळतो. कुटं खेळतो? आता काय सांगू, कुटं खेळतो! ह्या साली हितं, त्या साली तितं. लोक हसायची न्हाईत, पर पुढं इच्यारायची बी न्हाईत." तिने एक शेंग उघडली, आत कीड होती, ती बाजूला टाकली. "आता मेल्यावर गाव त्याला पद देतंय तर तू कशाला आडवी येतीस?"

"पण ते खोटं पद आहे, आई."

"असू दे. खऱ्यानं कुटं दिलं?"

माझं सगळं आयुष्य पुस्तकं योग्य विषयाखाली लावण्यात गेलं आहे. कुणी चुकीच्या फळीवर पुस्तक ठेवलं तर मला लांबून कळतं. मी तिला बरंच काही सांगू शकले असते. की दादालाच हे आवडलं नसतं. की फलक बघून तो हसला असता, मग चेष्टा केली असती, मग दुसऱ्या रस्त्याने मैदानावर गेला असता. पण हे सगळं दादाचं होतं, आणि दादा नव्हता. समोर आई होती. तिच्या नखांत हिरवं गेलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मला दादाचा भयंकर राग आला. जिवंत असताना त्याने एकही गोष्ट पक्की केली नाही. कुठे राहणार, कुणाकडून खेळणार, कधी परत येणार, काहीच नाही. आणि आता हीसुद्धा एक गोष्ट माझ्यावर टाकून गेला. मी शेंगा खाली ठेवल्या, अंगणात गेले आणि अक्षयला फोन लावला.

"लिहा," मी म्हटलं.

"काय लिहू ताई?"

"तुम्ही लिहिलंय तेच. कालकथित तेवढं बघा. आणि सिंह काढा. आणि तो खांद्यावरचा हात."

"हात निघत नाही म्हणतोय तो डिझाईनवाला. खांदा पण जातो म्हणे."

"मग राहू दे हात."

फलक त्याच बुधवारी लागला. मी कॉलेजातून येताना तो पाहिला. अक्षरं मोठी आहेत, रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षातूनही वाचता येतात. कालकथित बरोबर आहे. दादा हसतोय, आणि त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. कुणाचा ते आम्हाला अजून कळलेलं नाही. तो बहुधा अशाच कुठल्यातरी संघातला, एखादा हंगाम बरोबर खेळलेला कुणीतरी असेल. परवा रिक्षात शेजारी बसलेल्या एका बाईने तो फलक वाचला आणि मला म्हणाली, "बघा ना, एवढ्याशा गावातून केवढा मोठा माणूस." मी हो म्हटलं.

आईने दादाचा एकही सामना कधी पाहिला नव्हता. तो खाली आणि सगळे त्याच्या अंगावर, हे बघवणार नाही, म्हणायची. आता ती रोज संध्याकाळी मैदानावर जाते. कमानीच्या कट्ट्यावर, आबांपासून थोडी लांब बसते. पोरं खेळतात ते बघते. अंधार पडायच्या आत घरी येते आणि मला सांगते, आज कोण कोण पडलं आणि कोण उठलं.